चारा कुठून येतो?

अराकिसवर पाऊस पडत नाही. तिथली माणसे अंगभर घट्ट पोशाख घालतात. घाम, श्वासातली वाफ, लघवी असे शरीरातून बाहेर पडणारे सगळे पाणी तो पोशाख गाळतो आणि नळीवाटे पुन्हा तोंडाशी आणून देतो. कोणी मेले तर त्याच्या देहातले पाणी काढून घेतात. त्यावर वारसांचा हक्क नसतो, टोळीचा असतो. समोरच्यापुढे थुंकणे म्हणजे त्याचा मान राखणे, कारण थुंकणाऱ्याने अंगातला ओलावा त्याच्यासाठी खर्च केलेला असतो. आणि वाळूखालून शेकडो मीटर लांबीचे कृमी फिरत असतात. त्यांना पाणी म्हणजे विष. फ्रँक हर्बर्ट यांची 'ड्यून' ही कादंबरी १९६५ साली पुस्तकरूपाने आली. परग्रहावरची सबंध जीवसृष्टी, हवेपासून कृमीपर्यंत आणि कृमीपासून माणसाच्या धर्मापर्यंत, एकमेकांत गुंतवून दाखवणारी इतकी गाजलेली दुसरी कादंबरी विज्ञानकथेत क्वचितच सापडेल.

हर्बर्ट पेशाने पत्रकार. १९५७ साली ते अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, फ्लॉरेन्स गावाजवळच्या समुद्रकाठी गेले होते. तिथे वाळूच्या टेकड्या वाऱ्याबरोबर सरकत, रस्ते आणि घरे गिळत. सरकारच्या शेतीखात्याने युरोपातले एक चिवट गवत लावून त्या टेकड्या जागच्या जागी थोपवण्याचे काम चालवले होते. हर्बर्टना त्यावर लेख लिहायचा होता. लेख राहून गेला, पण वाळू, पाणी आणि माणूस यांचा विषय डोक्यात घर करून बसला आणि आठ वर्षांनी कादंबरी आली. तिची अर्पणपत्रिका कोरड्या प्रदेशांच्या निसर्गाचा अभ्यास करणाऱ्यांना आहे, मग ते जगात कुठेही असोत.

त्या 'कुठेही'मध्ये आटपाडी येते. सांगली जिल्ह्याच्या उत्तरेचा हा तालुका, पलीकडचा साताऱ्याचा माण तालुका आणि पूर्वेचे सांगोले मिळून जो मुलूख होतो तो माणदेश. मधून माणगंगा वाहते. वर्षातले बरेच महिने ती वाहते असे म्हणणे धाडसाचेच आहे. सह्याद्री ओलांडताना ढगांनी आपला बहुतेक माल पश्चिमेला उतरवलेला असतो. उरलासुरला पाऊस पडतो तो वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि तोही बेभरवशाचा. जमीन मुरमाड, माळावर कुसळी गवत, ओढ्याकाठी बाभूळ आणि हिवर. इथे पिढ्यान्‌पिढ्या माणूस तगला तो खिलार जनावरांवर आणि मेंढरांवर. कळप घेऊन मुलूख पालथा घालणाऱ्या धनगराला नव्या रानात पाऊल टाकताना तीन गोष्टी कळाव्या लागतात. पाणी कुठे आहे? चारा कुठून येतो? आणि लेंडी कुठे पडते? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण मोकळ्या रानात मेंढरे बसवली की शेताला खत मिळते आणि शेतकऱ्याकडून मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. जीवसृष्टीचा सगळा व्यवहार या तीन प्रश्नांत येतो: पाणी, ऊर्जा आणि टाकाऊ पदार्थांचा फेरा. कल्पित ग्रहांची परीक्षाही याच तीन प्रश्नांनी घ्यावी, असे मला मनापासून वाटते. परग्रहावरच्या प्राण्याला किती डोळे आहेत याने तो प्राणी खरा वाटत नाही. तो काय खातो आणि त्याचे खाणे काय खाते, हे लेखकाला ठाऊक असेल तरच तो खरा वाटतो.

अराकिस पाण्याच्या परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण होतो. तिथे पाणी मुळातच नाही असे हर्बर्ट सांगत नाहीत. कृमींची पिल्ले, चपट्या चामड्यासारखे छोटे जीव, वाळूत खोलवर पाणी कोंडून ठेवतात, म्हणून वरचे जग कोरडे आहे. म्हणजे वाळवंट हा तिथल्या प्राण्यांनीच घडवलेला परिसर आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याहून सुंदर आहे. ज्या 'मसाल्या'साठी साऱ्या विश्वात लढाया होतात तो या पिल्लांच्या विष्ठेत पाणी शिरून, तिथे बुरशीसारखी वाढ होऊन तयार होतो. लेंडीवर साम्राज्य उभे आहे! पण चाऱ्याचा प्रश्न विचारला की गाडी अडते. महाकाय कृमी वाळूतले सूक्ष्म जीव खातात, इथपर्यंत ठीक. निळा देवमासासुद्धा बोटभर जीवांवर जगतो. पण ते जीव समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींवर जगतात आणि त्या वनस्पती उन्हावर. अराकिसवरचे सूक्ष्म जीव मसाल्याच्या कणांवर जगतात, मसाला कृमींच्या पिल्लांपासून येतो आणि ती पिल्ले त्याच सूक्ष्म जीवांतून वाढतात. या फेऱ्यात ऊन कुठून शिरते? झाड नाही, गवत नाही. दर पायरीवर बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. खालच्या पायरीवर जेवढी होती तिचा साधारण दहावा हिस्साच वरच्या पायरीला मिळतो. म्हणूनच माळावर गवत उदंड, मेंढरे शेकड्यांनी आणि लांडगे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. बाहेरून काही न घेता स्वतःवरच चालणारा फेरा थोड्याच दिवसांत थंड पडेल. 'ड्यून'वर माझा जीव आहे, तरी ही त्रुटी मोठी आहे हे मान्य करायलाच हवे.

दुसरी त्रुटी एकट्या हर्बर्टची नाही, या साहित्यप्रकाराचीच आहे. एक ग्रह वाळवंटाचा, एक बर्फाचा, एक जंगलाचा. चित्रपटांनी ही सवय आणखी पक्की केली. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तिथून आटपाडी पक्ष्याच्या वाटेने दीडशे किलोमीटरच्या आत आहे. एवढ्या अंतरात सदाहरित जंगल संपते, कातळाची पठारे येतात, ज्वारीची काळी रानं येतात आणि शेवटी कुसळांचा माळ. एक डोंगररांग आणि वाऱ्याची एक दिशा एवढ्यावर जर जीवसृष्टीचे इतके थर पडतात, तर सबंध ग्रह एकाच कापडाचा कसा असेल? वारा असला, उंचसखल असले की त्या ग्रहालाही आपले महाबळेश्वर आणि आपला माणदेश असणारच.

धागे किती दूरवर गुंतलेले असतात याचा एक पुरावा साताऱ्याजवळच मिळाला आहे. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांचे जंगल उभे आहे. त्याच पठारावर सरड्याची एक देखणी जात राहते. नराच्या गळ्याखाली पंख्यासारखी उघडणारी निळी, काळी, केशरी झालर असते. या जातीचे शास्त्रीय वर्णन २०१६ साली झाले आणि तिला 'सरडा सुपर्बा' हे नाव मिळाले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पवनचक्क्या असलेला आणि नसलेला असे पठाराचे दोन भाग ताडून पाहिले. त्यांचा निबंध २०१८ साली प्रसिद्ध झाला. पाती फिरतात तिथे शिकारी पक्ष्यांचे प्रमाण जवळपास चौपटीने कमी होते. पक्षी कमी, म्हणून सरडे जास्त. वरून झडप येण्याची भीती ओसरली, म्हणून त्यांच्या रक्तातले ताणाचे संप्रेरक कमी झाले आणि माणूस पुष्कळ जवळ येईपर्यंत ते पळेनासे झाले. पण संख्या वाढली तसा खाण्याचा वाटा घटला आणि सरडे रोडावले. नरांच्या झालरीचे रंगही फिके पडले. जमिनीवर कोणी काही लावले नव्हते, कोणी सरड्याला हातही लावला नव्हता. हवेत उंचावर काहीतरी फिरू लागले आणि खाली खडकावरच्या एका प्राण्याच्या गळ्याचा रंग उतरला. परग्रहाची कथा लिहू पाहणाऱ्याने टेबलावर एखादा निबंध ठेवायचा असेल तर हा ठेवावा. त्या ग्रहाच्या आकाशातून एक गोष्ट काढून टाकायची आणि खालच्या प्रत्येक जीवाला काय होईल ते शेवटपर्यंत पाहत जायचे.

आता कल्पित वाटणाऱ्या, पण खऱ्याच असलेल्या एका करामतीकडे वळू. चिनी लेखक लिऊ त्सिशिन यांच्या 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' या कादंबरीत तीन सूर्यांच्या कचाट्यात सापडलेला एक ग्रह आहे. तिथला उन्हाळा कधी येईल आणि किती शतके टिकेल याचा नेम नाही. संकट आले की तिथले लोक अंगातले सगळे पाणी सोडून देतात, सुकून कातड्यासारखे होतात. त्यांच्या गुंडाळ्या कोठारात रचून ठेवतात आणि सुकाळ आला की पाण्यात भिजवून त्यांना पुन्हा जिवंत करतात. वाचताना अंगावर काटा येतो. पण पावसाळ्यात दख्खनच्या एखाद्या कातळावर साचलेल्या डबक्यात वाकून पाहा. नखाएवढे, जवळजवळ पारदर्शक, उताणे पोहणारे जीव दिसतील. कोळंबीच्या दूरच्या नात्यातले हे प्राणी. शास्त्रज्ञ त्यांना 'फेअरी श्रिम्प' म्हणतात. सह्याद्रीवरून नाव मिळालेली त्यांची एक जात २०१४ साली शास्त्राला माहीत झाली. डबके काही आठवड्यांत आटते आणि प्राणी मरतात, पण त्यांची अंडी मातीत राहतात. आतला गर्भ थोडा वाढून थांबलेला असतो. पाणी जवळजवळ सगळे निघून गेलेले असते आणि त्याच्या जागी ट्रेहॅलोज नावाची साखर पेशींचे नाजूक भाग सांभाळून धरते. श्वास नाही, हालचाल नाही. अशी अंडी वर्षानुवर्षे टिकतात, वाऱ्यावर उडून दुसऱ्या डबक्यात जातात, आणि पाणी मिळाले की फुटतात.

मला यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती पुढची. पहिल्या पावसाला सगळी अंडी फुटत नाहीत. काही थांबतात, काही दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापर्यंत थांबतात. पहिला पाऊस फसवा निघाला, डबके आठवडाभरात आटले, तर फुटलेली पिढी बुडते पण वंश बुडत नाही. मृगाचा पाऊस पडला म्हणून घरातले सगळे बियाणे एकदम न पेरणारा माणदेशी शेतकरी हेच करतो. लिऊ यांच्या ग्रहावर राजाच्या हुकुमाने सगळी प्रजा एकदम सुकते आणि एकदम भिजते. नाट्य म्हणून ते उत्तम. पण बेभरवशाच्या हवेत लाखो वर्षे काढलेला जीव असे एका घोड्यावर सगळे लावणार नाही.

वनस्पतींनाही ही विद्या साधली आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी पश्चिम घाटात सुकून पुन्हा जिवंत होणाऱ्या ६२ जाती नोंदवल्या आहेत. कातळाच्या भेगेत वाळून कोळ झालेले गवत पहिल्या सरीनंतर काही तासांत हिरवे होऊ लागते. नवे पान फुटलेले नसते, तेच पान परत आलेले असते.

परक्या जीवसृष्टीचे आक्रमण हा या साहित्याचा सर्वांत जुना आणि आवडता विषय. एच. जी. वेल्स यांच्या १८९८च्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मध्ये मंगळावरून आलेल्यांची यंत्रे सगळ्यांना आठवतात. मला त्यातले लाल तण जास्त भेडसावते. आक्रमकांसोबत आलेले हे रोप ओढ्यानाल्यांतून बघता बघता पसरते, इंग्लंडचे हिरवे काठ लाल करून टाकते. शेवटी मंगळवासी मरतात ते पृथ्वीवरच्या जंतूंनी, आणि ते तणही तशाच रोगाने कुजून जाते. एवढ्या मोठ्या संकटाचा असा सोपा शेवट काही वाचकांना पटत नाही.

त्यांनी फड्या निवडुंगाचा इतिहास पाहावा. हे अमेरिकेतले झाड. आपल्याकडे आल्यावर कुंपणाला लावले गेले आणि मग माळ, गायराने, गावठाणे व्यापत गेले. कुऱ्हाड चालवली तर तुटलेला प्रत्येक फडा नवे झाड होई. १९२६ साली श्रीलंकेतून कोचिनील जातीचा एक किडा आणून सोडला गेला. पांढऱ्या कापसाखाली दडून रस शोषणारा हा ठिपक्याएवढा जीव. त्याने दक्षिण भारतातली निवडुंगाची रानेच्या राने काही वर्षांत बसवली. वेल्स यांची कादंबरी तोवर जुनी झाली होती आणि तिचा शेवट दख्खनच्या मातीत खरा ठरला होता. फरक एवढाच की कादंबरीतले जंतू पृथ्वीवर आधीपासून होते. इथे शत्रूचा शत्रू मुद्दाम बाहेरून आणावा लागला.

वेडी बाभूळ मात्र अजून उभी आहे. तीही अमेरिका खंडातली, एकोणिसाव्या शतकात आणलेली. दुष्काळात सरपण आणि कोळसा देते म्हणून लोक तिला तोडतात आणि तिच्यामुळेच तगतात, पण तिच्याखाली आपले गवत नीट वाढत नाही. तिच्या गोड शेंगा शेळ्या-मेंढ्या आवडीने खातात, बी पोटातून तसेच पुढे जाते आणि लेंडीतून नव्या माळावर रुजते. ज्या वाटेने मेंढरे शेतात खत नेतात त्याच वाटेने हे परदेशी झाड कुरणात शिरते. वेल्स यांच्या तणाला असा सोबती मिळाला असता तर इंग्लंड सुटले नसते. ओरेगनमध्ये ज्या गवताने हर्बर्टना भारावले तेही आज तिथे उपद्रवी ठरले आहे. मूळच्या वनस्पती आणि वाळूत घरटी करणारे पक्षी वाचावेत म्हणून ते ठिकठिकाणी उपटले जाते.

भयकथेतल्या प्राण्यांबद्दल फार लिहायची गरज नाही. १९७९च्या 'एलियन' चित्रपटातला जीव माणसाच्या अंगात वाढतो आणि छाती फोडून बाहेर येतो. घराच्या भिंतीवर मातीचे घरटे करणारी कुंभारमाशी अळीला किंवा कोळ्याला डंख मारून लुळे करते, घरट्यात कोंडते आणि सोबत अंडे घालते. तिचे पिल्लू तो ताजा शिधा जिवंतपणीच खाते. माळावरच्या वारुळात वाळवी कोट्यवधी वर्षे बुरशीची शेती करत आली आहे, आणि पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी त्या शेतातूनच वर येते. हे दोन्ही जीव कोणा पटकथालेखकाने कल्पिलेले नाहीत. हॉल क्लेमेंट यांच्या 'मिशन ऑफ ग्रॅव्हिटी'तला मेस्क्लिन ग्रहही आवर्जून वाचावा. त्याच्या ध्रुवांवर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या शेकडो पट आहे, म्हणून तिथले शहाणे जीव गोमेसारखे बुटके, लांबट आहेत आणि वीतभर उंचीवरून पडण्याच्या कल्पनेनेही त्यांना धडकी भरते. शरीर आणि भीती दोन्ही एकाच कारणातून आलेली आहेत. हे लिहायला मोठी शिस्त लागते.

भीतीपर्यंत आलो म्हणजे मनापर्यंत आलो, आणि इथे आटपाडी तालुक्यातलेच एक पुस्तक घ्यायला हवे. विज्ञानकथेतले बहुतेक परग्रहवासी मुखवटा घातलेली माणसे असतात. माणसासारखा विचार करतात, माणसासारखे रुसतात. स्टॅन्ली वाइनबॉम यांनी १९३४ साली मंगळावरचा ट्वील हा पक्ष्यासारखा जीव रंगवला तेव्हा लोक चकित झाले. बुद्धी माणसाच्या तोडीची, पण वळण माणसाचे नाही, असा प्राणी कथेत नवा होता. स्तानिस्लाव लेम यांनी १९६१च्या 'सोलारिस'मध्ये सबंध ग्रह व्यापणारा एक विचार करणारा समुद्र उभा केला आणि माणसाला तो कधीच कळत नाही असे दाखवले. त्या समुद्राला माझे तिन्ही प्रश्न लागू पडत नाहीत, तरी तो मनातून जात नाही; लेम यांना जीवशास्त्र सांगायचेच नव्हते, माणसाच्या कळण्याची हद्द दाखवायची होती.

माडगुळ्याच्या व्यंकटेश माडगूळकरांनी (१९२७–२००१) विज्ञानकथा लिहिली नाही. पण १९८२ साली आलेली त्यांची 'सत्तांतर' ही छोटी कादंबरी मी या प्रकरणात हक्काने आणतो. तिच्यात माणूस नायक नाही. वानरांच्या टोळ्या आहेत, त्यांची रानाची वाटणी आहे, माद्यांचे नाते आहे, आणि बाहेरच्या नराने टोळी जिंकल्यावर घडणारा क्रूर बदल आहे. नवा नर जुन्याची तान्ही पिल्ले मारतो. वानरांमधली ही गोष्ट शास्त्रापुढे आणली ती जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी, १९६०च्या दशकात धारवाडजवळच्या रानात केलेल्या निरीक्षणांतून. पुढे राजस्थानातल्या अभ्यासांत ती पुन्हा दिसली. पिल्लू गमावलेली मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराचा वंश सुरू होतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. माडगूळकर हे सगळे वानराच्या डोळ्यांच्या उंचीवरून सांगतात. कोणालाही खलनायक करत नाहीत, कोणाच्या तोंडी माणसाची नीती घालत नाहीत. वाचता वाचता आपल्याला त्या समाजाचे कायदे कळू लागतात आणि ते आपले नाहीत हेही कळत राहते. परग्रहवासीयांबद्दल लिहिलेल्या उत्तम पुस्तकाकडून याहून अधिक काय मागणार? या पुस्तकाला १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. माणदेशातल्या धनगरवाडीची जी कथा त्यांनी १९५५ साली 'बनगरवाडी'त सांगितली होती, तीही अशीच वाचता येते. बाहेरून आलेला एक तरुण मास्तर, त्याला अनोळखी असलेले माणसांचे आणि मेंढरांचे जग, आणि पाऊस फिरल्यावर विस्कटून जाणारे ते सगळे.

मराठी विज्ञानकथेने परग्रहाच्या जीवसृष्टीला तितका वेळ दिला नाही. तिचा ओढा यंत्र, काळ आणि अवकाश यांकडे जास्त राहिला. याचे एक कारण तिच्या आरंभीच्या प्रेरणेत असावे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. त्या टोपणनावामागे जयंत विष्णू नारळीकर होते. कोल्हापुरात जन्मलेल्या या खगोलशास्त्रज्ञाने आधुनिक मराठी विज्ञानकथेला वजन मिळवून दिले आणि तिला भौतिकशास्त्राची शिस्त लावली. जीवशास्त्राची शिस्त लावणारा तसाच कोणी यायला हवा होता, अशी माझी तक्रार नाही, इच्छा आहे.

नारळीकरांनी मात्र परग्रहावरच्या जीवांचा शोध कथेबाहेर घेतला. सूक्ष्म जीव अंतराळातून धूमकेतूंच्या धुळीबरोबर पृथ्वीवर येत असावेत असा विचार त्यांचे गुरू फ्रेड हॉइल आणि चंद्र विक्रमसिंघे यांनी मांडला होता. तो हवेत राहू नये म्हणून हैदराबादहून प्रचंड फुगे सोडण्यात आले, पहिल्यांदा २००१ साली आणि पुन्हा २० एप्रिल २००५ रोजी. फुग्यासोबत निर्जंतुक केलेल्या पोलादी नळकांड्या होत्या. द्रवरूप निऑनने त्या इतक्या थंड ठेवल्या होत्या की झडप उघडताच बाहेरची विरळ हवा आत ओढली जाऊन गोठे. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा अशी खाली आणली गेली आणि हैदराबाद व पुणे इथल्या प्रयोगशाळांनी ती वेगवेगळी तपासली. बारा जिवाणूंच्या आणि सहा बुरशींच्या वसाहती वाढल्या. त्यांतले तीन जिवाणू नवे निघाले. त्यांना नावे मिळाली ती हॉइल, इस्रो आणि आर्यभट यांच्यावरून. अतिनील किरणांपुढे ते त्यांच्या जवळच्या भाईबंदांपेक्षा जास्त टिकाव धरत होते. हे जीव वरून खाली आले की खालून वर गेले, हे या प्रयोगातून ठरले नाही आणि नारळीकरांच्या गटाने तसा दावाही केला नाही. तरी चाळीस किलोमीटर उंचीवर, जिथे दाब जवळपास नाही आणि किरण थेट अंगावर येतात तिथे जगण्यायोग्य अवस्थेत काही सापडते, एवढे कळणेही फार मोठे आहे. अशा जीवाचा चारा कोणता, तो तिथे वाढतो की फक्त तग धरतो, हे प्रश्न कथाकारासाठी मोकळे आहेत.

हर्बर्टच्या कादंबऱ्यांत पुढे अराकिस हिरवा होऊ लागतो. वाळवंटातल्या लोकांचे पिढ्यांचे स्वप्न पुरे होते, पाणी येते, झाडे येतात. पण पाणी कृमींना विष आहे, आणि कृमी गेले की त्यांच्यावर उभे असलेले सगळेच जाते. १९८१च्या चौथ्या कादंबरीत साडेतीन हजार वर्षे लोटलेली आहेत. नद्या वाहतात, रान माजले आहे आणि जुन्या वाळवंटाचा एकच तुकडा राखून ठेवलेला आहे. जुन्या लोकांचे वंशज तिथे पूर्वजांच्या रीती प्रदर्शनासारख्या करून दाखवतात, अर्थ हरवून.

आटपाडीत पाणी आले आहे. कराडजवळ टेंभू इथे कृष्णेचे पाणी उचलून टप्प्याटप्प्याने या दुष्काळी तालुक्यांपर्यंत आणले जाते. ते यायलाच हवे होते. टँकरची वाट पाहण्यात आणि ऊसतोडीला जाण्यात इथल्या माणसांनी आयुष्ये घालवली आहेत. पाण्यामागून डाळिंब येते, ऊस येतो, माळ नांगरला जातो. ज्या कुसळी गवतावर मेंढरू, ससा, खोकड आणि लांडगा जगले ते गवत सरकारी कागदावर पडीक जमीन म्हणून नोंदलेले असते. भारतात लांडगे उरले आहेत सुमारे तीन हजार, आणि त्यांतले बरेचसे अशाच कागदोपत्री पडीक असलेल्या जागी. २०२३ साली राज्य सरकारने आटपाडी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे साडेनऊ चौरस किलोमीटर आहे. लांडग्यांच्या एका कळपाला वावरायला शंभर-दोनशे चौरस किलोमीटर रान लागते. म्हणजे आटपाडीचा लांडगा हद्दीच्या आत राहून जगू शकत नाही. तो बाहेर येणार, गायरानातून, डाळिंबाच्या बागांच्या कडेने, धनगराच्या वाड्यापर्यंत. तिथे राखणीचे कुत्रे असते, जाळी असते, आणि कधी एखादे मेंढरू जाते. धनगर त्याची भरपाई मागतो. ती किती मिळते आणि किती दिवसांनी मिळते, यावर त्या माळाची अन्नसाखळी टिकणे अवलंबून आहे.